कॉम्प्युटरच्या स्क्रीनमुळे त्वचेला त्रास होतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका वाक्यात सांगा: होतो की नाही?

स्क्रीनमधून निघणाऱ्या प्रकाशाने किंवा ‘किरणांनी’ निरोगी त्वचेला पुरळ येत नाही. स्क्रीनसमोर तासन्‌तास बसण्याने मात्र त्रास होऊ शकतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस महागडा फिल्टर विकत घेतो आणि खाज होती तिथेच राहते. खालची बरीचशी उत्तरं हा फरक उलगडण्यासाठीच आहेत.

पण मला मॉनिटरसमोर बसल्यावरच चेहरा चुरचुरतो. तो भास आहे का?

नाही. चुरचुर खरीच असते, फक्त तिचं कारण बहुधा दुसरं असतं. कॉम्प्युटरसमोर बसताना आणखी काय काय घडतं ते पाहा. खोली बंद असते, हवा कोरडी असते, चेहरा तासन्‌तास एकाच दिशेला असतो, हात सारखा हनुवटीवर किंवा कपाळावर जातो, डोळे कमी मिटतात, डोक्यावर डेडलाइन असते. यातलं काहीही त्वचेला बोचू शकतं. सगळं एकाच वेळी घडतं आणि समोर दिसते ती फक्त स्क्रीन, म्हणून आळ तिच्यावर येतो.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी माझा डावा गाल दुपारनंतर तापायचा आणि खाजायचा. मी मॉनिटरचा ब्राइटनेस कमी केला, तो मागे सरकवला, शेवटी बदलूनही पाहिला. फरक शून्य. एक दिवस सहज वर पाहिलं, तर एसीचा झोत नेमका डाव्या गालावर येत होता. खुर्ची दोन हात सरकवली आणि आठवड्याभरात गाल शांत झाला. मॉनिटर बिचारा निर्दोष होता.

मग ही शंका मुळात आली कुठून? काहीतरी तथ्य असेलच ना?

तथ्य होतं, पण ते त्या काळाचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉम्प्युटर कार्यालयांत शिरले, आणि थोड्याच दिवसांत नॉर्वेतून आणि मग स्वीडनमधून बातम्या येऊ लागल्या: दिवसभर स्क्रीनसमोर काम करणाऱ्यांच्या गालांवर लाली, खाज, चुणचुण. सुट्टीत त्रास ओसरायचा, कामावर परतलं की पुन्हा सुरू व्हायचा. स्वीडनमध्ये याला ‘स्क्रीनचा आजार’ अशा अर्थाचं नावही पडलं.

तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ही तक्रार गंभीरपणे घेतली, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी कर्मचाऱ्यांना तपासलं, स्क्रीनवर काम करणाऱ्यांची न करणाऱ्यांशी तुलना केली. दिसलं ते असं: खाज, आग, कोरडेपणा अशा तक्रारी स्क्रीनवाल्यांत जास्त होत्या. पण डॉक्टरने चेहरा पाहून निदान करावं असा वेगळा, नवा त्वचारोग सापडला नाही. ज्यांच्या चेहऱ्यावर खरंच काही दिसलं, त्यांना बहुतेक वेळा रोझेशिया (चेहरा सारखा लाल होण्याचा आजार), सेबोऱ्हिक डर्मेटायटिस (तेलकट भागावर लाली आणि पापुद्रे), इसब किंवा मुरमं यांपैकी ओळखीचंच काहीतरी होतं. ब्रिटिश डॉक्टरांनी अशाच तक्रारी तपासल्या तेव्हा त्यांचं बोट वळलं खोलीतल्या कोरड्या हवेकडे.

आणि हे उत्तरेकडच्या देशांतच आधी का घडलं, याचं उत्तरही तिथेच आहे. कडाक्याच्या थंडीत बाहेरची हवा आत घेऊन तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता २०–३० टक्क्यांपर्यंत उतरते. अशा हवेत त्वचा सुकते आणि स्थिर वीज साठते. त्यात पायाखाली सिंथेटिक गालिचा, आणि समोर त्या काळचा मॉनिटर.

त्या काळच्या मॉनिटरमध्ये असं काय होतं?

तो पेटीसारखा जाड मॉनिटर आठवत असेल, तर त्याच्या काचेजवळ हात नेल्यावर अंगावरची लव उभी राहायची तेही आठवत असेल. ती स्थिर वीज. तो मॉनिटर सीआरटीचा, म्हणजे कॅथोड रे ट्यूबचा. तिच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि काचेच्या आतल्या थरावर आदळून चित्र उमटवतात. त्यांना वेग द्यायला रंगीत मॉनिटरमध्ये २० ते ३० हजार व्होल्टचा दाब लागायचा. त्यामुळे काचेच्या पृष्ठभागावर विद्युतभार साचायचा.

समोर बसलेल्या माणसाच्या अंगावरही भार असायचाच. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालत आलं की शरीरावर सहज काही हजार व्होल्ट जमतात (दाराच्या मुठीला हात लावल्यावर जो चटका बसतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढचा). पडदा आणि चेहरा यांच्यामध्ये विद्युतक्षेत्र तयार झालं की हवेतले भारित धूलिकण एका बाजूला ओढले जातात. काही काचेवर बसायचे, म्हणून ते मॉनिटर सारखे धुळीने माखायचे. काही चेहऱ्यावर. आधीच कोरड्या पडलेल्या त्वचेवर बारीक धूळ बसत राहिली तर ती चुणचुणणार, हा अंदाज रास्त होता.

मग काचेवर लावायच्या, अर्थिंगची वायर असलेल्या जाळ्या आल्या. त्यांचा उपयोग झाला का? विद्युतक्षेत्र कमी करून लोकांच्या तक्रारी मोजल्या गेल्या तेव्हा कधी थोडा फरक दिसला, कधी दिसला नाही. म्हणजे ते क्षेत्र हा एक लहान घटक असावा. सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

याच काळात स्वीडनने मॉनिटरसाठी मोजमापाचे नियम केले. १९९० मध्ये एमपीआर-२ हे मानक आलं, आणि त्यामागोमाग तिथल्या कर्मचारी संघटनांच्या महासंघाचं, टीसीओचं, १९९२ चं मानक. पडद्यावरचा स्थिर विद्युतभार आणि मॉनिटरभोवतीची विद्युत व चुंबकीय क्षेत्रं किती असू द्यायची याच्या मर्यादा त्यात होत्या. जगभरच्या उत्पादकांनी त्या पाळल्या. जुन्या मॉनिटरच्या कोपऱ्यावर टीसीओचं स्टिकर पाहिलेलं अनेकांना आठवेल.

आजच्या एलसीडी, एलईडी, ओएलईडी स्क्रीनचं काय?

त्यांत इलेक्ट्रॉनची नळीच नाही, त्यामुळे हजारो व्होल्टचा तो दाबही नाही आणि काचेवर तसा भारही साचत नाही. वरचा सगळा प्रश्न सीआरटीबरोबर भंगारात गेला. धूळ आजही बसते, पण ती टेबलावर बसते तशी.

अतिनील किरण? एक्स-रे?

सीआरटीच्या आत मंद एक्स-रे तयार व्हायचे, पण ते शिसं किंवा तत्सम जड धातू मिसळलेल्या जाड काचेतच अडायचे. आजच्या स्क्रीनमध्ये ते तयारच होत नाहीत. एलईडी स्क्रीनमधून अतिनील किरणही नगण्य निघतात. मॉनिटरसमोर बसून त्वचा काळवंडत नाही.

मात्र एक गोष्ट लोक विसरतात: खिडकी. अतिनील किरणांचे दोन प्रकार उन्हातून आपल्यापर्यंत पोचतात: साध्या काचेत यूव्हीबी अडतो, पण यूव्हीए बराचसा आत येतो. टेबल खिडकीला लागून असेल आणि डाग किंवा लाली चेहऱ्याच्या खिडकीकडच्या बाजूलाच असेल, तर मॉनिटर सोडा आणि पडदा ओढा. कापडी पडदा म्हणतोय.

निळ्या प्रकाशाने वांग वाढतो म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. दृश्य प्रकाशाने, विशेषतः त्यातल्या निळ्या-जांभळ्या भागाने, सावळ्या आणि गडद त्वचेत रंगद्रव्य वाढू शकतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. गोऱ्या त्वचेत हा परिणाम फारसा दिसत नाही. वांग असलेल्यांनी म्हणूनच आयर्न ऑक्साइड असलेलं, म्हणजे किंचित रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन वापरावं असं डॉक्टर सांगतात. साधं पारदर्शक सनस्क्रीन अतिनील अडवतं, दृश्य प्रकाश नाही.

पण हा सगळा धोका उन्हाचा. दुपारच्या उन्हात जेवढा निळा प्रकाश असतो, त्याच्या तुलनेत स्क्रीनचा शेकडो पटींनी कमी असतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात वांग असलेल्या लोकांच्या चेहऱ्यावर पूर्ण ब्राइटनेसच्या स्क्रीनचा प्रकाश २० सेंटीमीटरवरून रोज ८ तास, असे ५ दिवस पाडला. वांग वाढला नाही. वीस सेंटीमीटर म्हणजे एक वीत! इतकं नाक खुपसून कोणी काम करत नाही.

मग ‘ब्लू लाइटपासून संरक्षण’ देणारी क्रीम घ्यावी का?

स्क्रीनसाठी? नको.

एसीमुळे नेमकं काय होतं?

एसीतल्या थंड कॉइलवर हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि ते बाहेर टपकतं. म्हणजे एसी खोली थंड करता करता हवेतला ओलावाही काढून घेतो. त्वचेचा सर्वांत वरचा थर हा स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या विटांच्या भिंतीसारखा असतो. कोरड्या हवेत त्यातलं पाणी भराभर उडतं, भिंतीला बारीक चिरा पडतात, आणि एरवी सोसला जाणारा साबण, घाम, धूळ आत झोंबू लागते. झोत थेट अंगावर असेल तर हे आणखी लवकर होतं.

कोरड्या हवेच्या त्रासाची एक खूण आहे: एकाच खोलीतल्या अनेकांना कमीअधिक होतो, आणि डोळे, ओठ, नाकही कोरडे पडतात. खोलीची आर्द्रता ४० ते ६० टक्के असेल तर बहुतेकांना ठीक वाटतं. हायग्रोमीटर नावाचं छोटं यंत्र ते दाखवतं. आर्द्रता सारखी ४० च्या खाली असेल तर आधी झोताची दिशा बदला, आणि चेहरा धुतल्यावर ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. पाण्याचा फवारा मारून लोक ताजेतवाने होतात, पण ते पाणी उडताना त्वचा पुन्हा कोरडी करतं. वर काही लावलं नाही तर फवाऱ्याचा फायदा दोन मिनिटांचाच.

मांडीवर लॅपटॉप ठेवून काम करतो. मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग आलेत.

इथे मात्र यंत्र खरोखर दोषी आहे, आणि हा त्रास वैद्यकशास्त्राला लॅपटॉपच्या फार आधीपासून माहीत आहे. याचं नाव एरिथेमा अब इग्ने, लॅटिनमध्ये ‘आगीमुळे आलेली लाली’. पूर्वी शेकोटीजवळ रोज बसणाऱ्यांच्या पायांवर तो दिसायचा, मग गरम पाण्याच्या पिशवीने कंबर शेकणाऱ्यांना होऊ लागला. लॅपटॉपमुळे झालेल्या रुग्णाची पहिली नोंद २००४ ची. साधारण ४३ ते ४७ अंश सेल्सिअसची ऊब भाजत नाही, म्हणून माणूस उठत नाही. पण तीच ऊब रोज तासन्‌तास मिळाली तर त्वचेतल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याचा ठसा वर उमटतो. आधी लाल, नंतर तपकिरी. पुष्कळदा तो एकाच मांडीवर, यंत्राचा जो भाग जास्त तापतो त्या खाली असतो.

लॅपटॉप टेबलावर ठेवा. ताजा डाग काही महिन्यांत फिका पडतो, जुना राहूही शकतो. शेकोटी-शेगडीने वर्षानुवर्षं शेकलेल्या त्वचेवर क्वचित कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून अशा जागी जखम झाली, गाठ आली किंवा त्वचा खरखरीत झाली तर दाखवून घ्या. मधे उशी ठेवणं हा उपाय नव्हे: हवेची वाट बंद होते आणि यंत्र आणखी तापतं.

मनगट, तळहात आणि बोटांना खाज येते. कीबोर्ड की माउस?

दोन्ही शक्य. खाज किंवा पुरळ नेमकं जिथे वस्तू टेकते तिथेच असेल तर स्पर्शाचा त्रास समजा. तो दोन प्रकारचा असतो. पहिला साधा: घर्षण, घाम, दाब. माउसवाल्या मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला घट्टा पडतो तो यातलाच. दुसरा ॲलर्जीचा. धातूच्या भागातलं निकेल, माउसपॅडच्या किंवा मनगटाखालच्या गादीच्या रबरातली रसायनं, गोंद. कृत्रिम दागिन्यांनी किंवा जीन्सच्या बटणाने ज्यांना पूर्वी खाज आली आहे त्यांनी निकेलचा संशय आधी घ्यावा.

ॲलर्जीचं पुरळ लगेच येत नाही. स्पर्शानंतर एक ते तीन दिवसांनी उमटतं, म्हणून शुक्रवारी वापरलेल्या वस्तूचा जाब रविवारी मिळतो आणि दोषी कोण ते कळत नाही. स्मार्टवॉचच्या पट्ट्याखालचं पुरळ मात्र बहुतेक वेळा ॲलर्जीचं नसतं, खाली अडकलेल्या साबणाचं आणि ओलाव्याचं असतं. रात्री काढून ठेवा, धुवा, कोरडं करून घाला.

आणि स्क्रीन-कीबोर्ड पुसायच्या ओल्या वाइप्स! त्यांत मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) असू शकतं. ॲलर्जी करण्यात ते इतकं पुढे आहे की अमेरिकेतल्या स्पर्श-त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साठी त्याला ‘वर्षाचा ॲलर्जन’ ठरवलं होतं. यंत्र निर्दोष आणि यंत्र पुसायचं फडकं गुन्हेगार, असंही होतं.

फक्त पापण्या लाल होतात आणि सोलतात.

पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, त्यामुळे ती सगळ्यात आधी कुरकुर करते. स्क्रीनकडे पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होऊ शकते. डोळे कोरडे पडतात, आपण चोळतो, पापणी सुजते. दुसरं कारण जरा गमतीचं आहे: ॲलर्जी करणारा पदार्थ हातावर असतो आणि पुरळ पापणीवर येतं. नेलपॉलिश आणि जेल नखांमधली रसायनं यासाठी प्रसिद्ध आहेत. बोटांची जाड त्वचा ती सोसते, पापणी सोसत नाही.

नव्या मॉनिटरला वास येतो. तो बाधतो का?

प्लास्टिक पेट घेऊ नये म्हणून त्यात अग्निरोधक रसायनं घालतात. नवं यंत्र तापलं की त्यातली थोडी हवेत येतात. २००० साली स्वीडनमधल्या संशोधकांना नव्या मॉनिटरमधून ट्रायफेनिल फॉस्फेट निघत असल्याचं आढळलं, आणि हे रसायन काहींना ॲलर्जी करू शकतं. वापराबरोबर हे प्रमाण घटत जातं. नवं यंत्र आणल्यावर सुरुवातीचे काही दिवस खिडकी उघडी ठेवली की झालं. यावरून घाबरून जाण्यासारखं मला काही दिसत नाही.

मोबाईलमुळे गालावर मुरमं येतात का?

येऊ शकतात. प्रकाशाने नव्हे, तर दाब, ऊब, घाम आणि तेल यांनी. मुरमं फोन धरता त्याच बाजूला असतील तर काही आठवडे इअरफोन वापरून पाहा.

मला कॉम्प्युटर, वायफाय, ट्यूबलाइट सगळ्यानेच त्वचेची आग होते. ही ‘विद्युतसंवेदनशीलता’ आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये यावर माहितीपत्रक काढलं. त्यातली भूमिका अशी: लक्षणं खरी आहेत, काहींना तर ती काम करू देत नाहीत, पण त्यांचा विद्युतचुंबकीय क्षेत्राशी संबंध सिद्ध झालेला नाही. त्यामागचा प्रयोग साधा होता. यंत्र चालू आहे की बंद, हे ना त्या माणसाला माहीत, ना तपासणाऱ्याला. अशा वेळी लोकांना क्षेत्र चालू असल्याचं ओळखता आलं नाही, आणि त्रास चालू-बंदच्या हिशेबाने झाला नाही. कधी कधी ‘चालू आहे’ अशा समजुतीनेच त्रास झाला.

हे ऐकून लोक चिडतात, ‘म्हणजे मी नाटक करतोय का?’ असं विचारतात. मुळीच नाही. लाज वाटली की गाल लाल होतात, ती लाली खोटी असते का? भीती आणि ताण त्वचेत खरोखर रक्त आणतात, घाम आणतात, खाज वाढवतात. जुन्या स्कँडिनेव्हियन अभ्यासांतही कामाचा ताण आणि चेहऱ्याच्या तक्रारी हातात हात घालून येताना दिसल्या. ‘मनाचं आहे’ म्हणून हाकलून देणारा डॉक्टर भेटला तर दुसरा शोधा, पण घरातल्या वायरी उपटत बसू नका.

कारण आपलं आपण कसं शोधायचं?

वहीत पंधरा दिवस लिहा: त्रास कुठे, किती वाजता सुरू झाला, कुठे बसला होतात, चेहऱ्याला काय लावलं होतं. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. आज जागा, पुढच्या आठवड्यात क्रीम. सगळं एकदम बदललं तर बरं वाटेल, पण कशाने ते कळणार नाही. दुसऱ्या खोलीत तोच मॉनिटर नेऊन काम करणं ही माझी आवडती चाचणी. तिथे त्रास झाला नाही, तर मॉनिटर सुटला.

डॉक्टरकडे कधी जावं?

दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही, पाणी सुटू लागलं, सूज आली किंवा झोप मोडू लागली, तर. स्पर्शाची ॲलर्जी वाटत असेल तर पॅच टेस्ट करतात: संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास ठेवतात आणि नंतर एकदा-दोनदा वाचन घेतात. ल्युपस किंवा पॉर्फिरियासारखा प्रकाशाला संवेदनशील करणारा आजार असेल, किंवा तसंच करणारं डॉक्सिसायक्लिनसारखं औषध चालू असेल, तर ते न विचारता सांगा.

आणखी एक गोष्ट, जी रुग्ण हमखास लपवतात. चेहऱ्यावर कोणाच्या तरी सांगण्यावरून महिनोन्‌महिने स्टेरॉइडचं क्रीम लावलं असेल, तर त्वचा इतकी हळवी होते की थोड्याशा उष्णतेने लाल होते आणि जळू लागते. अशांनाही स्क्रीनसमोर आग होते. क्रीमची ट्यूब सोबत घेऊन जा. ते एकदम बंद केलं तर त्रास आधी उसळतो, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडा.

ऑफिसला मॉनिटर बदलून मागू का?

आधी खुर्ची सरकवून मागा.